ओसरीवरून : तिळातिळानें वाढणारा दिवस

पौषांत आमच्या भंडाऱ्यास वैनगंगेवरून येणारा गार वारा वृद्ध माणसास पहांटे घराबाहेर पडूं देत नाहीं. ओसरीवर ऊन आलें म्हणजे शाल पांघरून तेथें बसावें, नातवंडांचे पाढे ऐकावे, आणि स्वयंपाकघरांतून भाजलेल्या तिळांचा वास येऊं लागला म्हणजे संक्रांत किती दिवसांवर आली याचा हिशेब करावा, हा माझा परिपाठ. यंदां या परिपाठांत एक प्रश्न उभा राहिला. वरवर पाहतां तो घड्याळाचा होता. परंतु त्यानें मला एका जुन्या ऋणाची आठवण करून दिली. तें ऋण चारचौघांत मान्य केल्यावांचून फिटावयाचें नाहीं, म्हणून या महिन्याचें स्फुट त्यालाच दिलें आहे.

माझी नात सातव्या इयत्तेंत आहे. तिच्या शाळेनें मुलांस महिनाभर रोजच्या सूर्योदयाची व सूर्यास्ताची वेळ टिपावयास सांगितली होती. तिनें वहींत रकाने आंखले आणि भंडाऱ्याच्या वेळा नीट लिहून ठेविल्या. कधीं वडिलांच्या मोबाइलवरून, तर कधीं स्वतः माडीवर उभी राहून. संक्रांतीच्या सकाळीं तिच्या हातावर तिळगूळ ठेवतांना मी दरसालच्या संवयीनें म्हणालों, "घे बाळ, आजपासून दिवस तिळातिळानें वाढणार."

ती वही घेऊन आली आणि म्हणाली, "आजोबा, दिवस वाढणार, तर मग सूर्य उशिरां कां उगवतो? बावीस डिसेंबरला सहा चव्वेचाळीसला उगवला होता, आज सहा एक्कावन्नला. सकाळ तर सात मिनिटांनीं कमी झाली!"

मी वही हातीं घेऊन दुसरा रकाना पाहिला. सूर्यास्त ५ वाजून ३५ मिनिटांवरून ५ वाजून ४९ मिनिटांवर गेला होता. म्हणजे सकाळीं सात मिनिटें गेलीं, संध्याकाळीं चौदा मिळालीं, निव्वळ लाभ सातांचा. दिवस वाढला होता हें खरें. परंतु तो आज वाढूं लागला नव्हता, आणि सकाळच्या बाजूनें तर मुळींच वाढला नव्हता. त्या दोन रकान्यांकडे पाहतां पाहतां माझ्या डोळ्यांपुढें एक मुलगा उभा राहिला.

तीस-पस्तीस वर्षांपूर्वीं पवनीकडील एका गांवीं मी शिक्षक होतों. तो मुलूख विणकरांचा. टसरचें सूत तेथील कोष्टी घराण्यांच्या बोटांत पिढ्यान्‌पिढ्या खेळत आलें आहे. संक्रांतीच्या आदल्या दिवशीं मी वर्गांत उत्तरायण समजावून सांगत होतों. 'उद्यांपासून दिवस वाढूं लागेल' असें मी फळ्यावर लिहिलें. तेव्हां मागच्या बांकावरील एक कोष्ट्याचा मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, संध्याकाळ तं मागच्या महिन्यापासूनच वाढून राह्यली. सूत दिसते तोवर बाबा माग सोडत नाई. दिवाळीनंतर जेवढा वेळ बसत होते, त्याच्याहून आतां जास्त वेळ बसते."

त्याच्या घरीं विजेचा दिवा होता. पण विजेचा भरंवसा नव्हता आणि बिलाचें भय होतें. ताण्याचे धागे बाहेरच्या उजेडांत वेगवेगळे दिसेनासे झाले कीं धोटा खालीं ठेवावयाचा, असा त्या घरचा नियम होता. हें मला मागाहून कळलें. त्या वेळीं मी कांहींच विचारलें नाहीं. "पंचांग खोटें आणि तुझ्या बापाचा माग खरा काय रे?" एवढेंच म्हणालों. सगळा वर्ग हंसला. तो खालीं बसला. त्या वर्षांत त्यानें मला पुन्हां एकही प्रश्न विचारला नाहीं, आणि पुढच्या वर्षीं तो शाळेंत आला नाहीं. मागावर बसला असें कळलें. त्यास घरची ओढाताण कारण होती, माझे शब्द नव्हेत, अशी मी इतकीं वर्षें मनाची समजूत घालीत आलों. ती खरीही असेल. परंतु मुलगा बरोबर होता आणि मी चुकलों होतों, ही गोष्ट कोणत्याही समजुतीनें बदलत नाहीं. तो बरोबर कसा होता, तें आतां क्रमानें पाहूं.

दिवस लहान-मोठा होण्याचें मूळ कारण शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. पृथ्वीचा आंस तिच्या भ्रमणकक्षेवर सरळ उभा नसून साडेतेवीस अंशांनीं कललेला आहे. त्यामुळें सूर्य वर्षांतून कांहीं काळ विषुववृत्ताच्या उत्तरेस व कांहीं काळ दक्षिणेस असतो. या अंतरास आपल्या ज्योतिषांत क्रांति म्हणतात. पण नुसत्या क्रांतीनें दिनमान ठरत नाहीं. पाहणारा कोठें उभा आहे तेंही पाहावें लागतें. सूर्याचा रोजचा आकाशांतील मार्ग हें एक मोठें वर्तुळ समजा. विषुववृत्तावरील माणसास तें क्षितिजावर सरळ उभें दिसतें, म्हणून क्षितिज नेहमींच त्याचे दोन सारखे भाग करतें; तेथें बारा महिने दिवस आणि रात्र जवळजवळ समसमान. आपण जसजसे उत्तरेस जावें तसतसें तें वर्तुळ दक्षिणेकडे कलतें. मग उन्हाळ्यांत त्याचा मोठा भाग क्षितिजाच्या वर राहतो, आणि हिंवाळ्यांत मोठा भाग खालीं बुडतो.

भंडाऱ्याचे अक्षांश सुमारें २१ अंश १० कला. कल बेताचा, म्हणून फरकही बेताचा. २१ जूनच्या सुमारास येथील दिवस १३ तास २५ मिनिटांचा असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास १० तास ५१ मिनिटांचा. कन्याकुमारीस सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांतील अंतर तासाभराहूनही कमी भरतें. श्रीनगरास तें साडेचार तासांवर जातें.

२२ डिसेंबरनंतर दिवस वाढूं लागतो, पण आरंभीं फारच मंद गतीनें. झोंपाळा एका टोंकास गेला म्हणजे क्षणभर थांबल्यासारखा भासतो, तसा सूर्य अयनबिंदूपाशीं रेंगाळतो. पहिल्या आठवड्यांतील सगळी वाढ मिनिटभराचीही नसते. संक्रांतीच्या सुमारास ती रोज चाळीसएक सेकंदांवर येते, आणि मार्चांत संपाताजवळ सव्वा मिनिटावर पोहोंचते. 'तिळातिळानें' हा शब्द योजणारा कोणी पूर्वज मोठा चोखंदळ असला पाहिजे. परिमाण त्यानें अचूक निवडलें आहे. चूक असलीच तर ती तिथीची आहे, तिळाची नाहीं.

मग सकाळ कां आखडते? त्याचें कारण घड्याळ आणि सूर्य यांच्या भाऊबंदकींत आहे. आपलें घड्याळ रोज बरोबर चोवीस तास मोजतें. सूर्य तसें करीत नाहीं. पृथ्वीची कक्षा पूर्ण वर्तुळ नाहीं, आणि जानेवारीच्या आरंभीं ती सूर्याच्या सर्वांत जवळ असल्यामुळें अधिक वेगानें धांवते. त्यांत आंसाच्या कलाचा परिणाम मिळतो. त्यामुळें डिसेंबरच्या अखेरीस एका मध्याह्नापासून दुसऱ्या मध्याह्नापर्यंतचा काळ चोवीस तासांहून सुमारें अर्ध्या मिनिटानें अधिक भरतो. या फरकाच्या साठलेल्या रकमेस गणितकार वेलांतर म्हणतात. भंडाऱ्यास नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत सूर्य ११ वाजून ५८ मिनिटांच्या सुमारास माथ्यावरच्या रेषेंत येतो. २२ डिसेंबरास १२ वाजून १० मिनिटांनीं. आणि संक्रांतीस १२ वाजून २० मिनिटांनीं. म्हणजे सगळा दिवसच, त्याच्या दोन्ही टोंकांसह, घड्याळावर पुढें पुढें सरकत असतो. इतर ऋतूंत दिनमानाची वाढ-घट या सरकण्याहून मोठी असल्यामुळें तें आपल्या ध्यानांत येत नाहीं. अयनाच्या आसपास दिनमान जवळजवळ स्थिर असतें, म्हणून सरकणें वरचढ ठरतें.

याचा परिणाम असा कीं, भंडाऱ्यास सर्वांत लवकरचा सूर्यास्त २२ डिसेंबरास होत नाहीं. तो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत, ५ वाजून २८ मिनिटांच्या सुमारास होतो. तेथून संध्याकाळ वाढूं लागते, आणि संक्रांतीपर्यंत तिला वीस मिनिटें मिळालेलीं असतात. उलट सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यास, म्हणजे ऐन संक्रांतीच्या आसपास होतो. विणकराच्या मुलानें हेंच सांगितलें होतें. घड्याळ नसतां, गणित नसतां, केवळ सूत दिसतें कीं नाहीं एवढ्या खुणेवरून वीस मिनिटांचा फरक त्या घरानें ओळखला होता. आणि ज्या पंचांगाची मी साक्ष काढली, त्यांत दिनमानाचा रकाना होताच. तो उघडून पाहिला असता तरी, २२ डिसेंबरापासून दिवस वाढूं लागला होता हें तेथेंच दिसलें असतें. पंचांग खोटें नव्हतें. मीच तें पाहिलें नव्हतें.

आतां तिथीचा प्रश्न. उत्तरायण २२ डिसेंबराचें आणि मकरसंक्रांत १४ जानेवारीची, असें कां? सुमारें सतराशें वर्षांपूर्वीं हीं दोन्ही एकाच सुमारास येत असत. पृथ्वीचा आंस भोंवऱ्यासारखा मंदपणें डुलत असल्यामुळें संपातबिंदु दर वर्षीं सुमारें ५० विकलांनीं मागें सरतो. बहात्तर वर्षांस जवळजवळ एक दिवस. आपण संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबानें धरतों, म्हणून ती ऋतूपासून हळूहळू दूर गेली. हा शोध कांहीं पाश्चात्त्यांनीं आपणांस नव्यानें शिकविलेला नाहीं. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें बृहत्संहितेंत स्पष्ट नमूद केलें आहे कीं, पूर्वीं उत्तरायण धनिष्ठांच्या आरंभापासून होत असल्याचें शास्त्रांत लिहिलेलें आहे, परंतु सांप्रत तें मकरारंभापासून होतें. आणि लिहिलेल्याशीं जुळेनासें झालें तर प्रत्यक्ष परीक्षण करून निर्णय करावा. परीक्षण कसें करावें हेंही तो सांगतो: उगवत्या किंवा मावळत्या सूर्याची दूरच्या खुणेशीं सांगड घालावी, किंवा मोठें वर्तुळ काढून सावली आंत-बाहेर कोठें जाते तें पाहावें.

हीं वचनें मी तरुणपणीं गुरूजवळ अन्वय लावून शिकलों होतों. समास सोडवितां येत होते. परंतु त्यांची आज्ञा त्या दिवशीं वर्गांत पाळली ती मी नव्हे. ज्यानें वराहमिहिराचें नांवही ऐकलें नव्हतें, त्या मुलानें पाळली. परंपरेचा वारस कोणास म्हणावें, हा विचार त्या आठवणीनें माझ्या मनांत अजून घोळतो आहे.

आमच्याच पेशांतील एका थोर पुरुषाचें येथें स्मरण करणें उचित होईल. शंकर बाळकृष्ण दीक्षित (१८५३-१८९८) हे कोंकणांतील मुरुडचे, व्यवसायानें शिक्षक. त्यांचा 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा ग्रंथ १८९६ सालीं प्रसिद्ध झाला. प्राचीन ग्रंथांवर त्यांचें अपार प्रेम होतें. तरी सण ऋतूंशीं जुळावे म्हणून सायन गणनेचा पुरस्कार करणाऱ्यांत ते होते. पुढें स्वतंत्र भारताच्या सरकारनें १९५२ सालीं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं पंचांग-सुधारणा समिति नेमली, आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्यांतील पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबर, म्हणजे खऱ्या उत्तरायणाचा. आपले सण मात्र जुन्याच गणनेनें चालतात. चालोत. संक्रांतीस तिळगूळ वांटण्यास माझी ना नाहीं. मुलांस मात्र दोन्ही तारखा सांगाव्या, एवढेंच म्हणणें आहे.

दिनमान स्थळागणिक बदलतें, हेंही आपल्या पूर्वजांस पूर्ण ठाऊक होतें. वेदांगज्योतिषांत सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्तांचा व सर्वांत लहान १२ मुहूर्तांचा दिला आहे. हें तीनास दोन असें प्रमाण भंडाऱ्यास लागू पडत नाहीं; येथें तें पांचास चार इतकेंच येतें. तीनास दोन हें प्रमाण पस्तीस अंश अक्षांशांच्या आसपास, म्हणजे काश्मीर-गांधाराच्या पट्ट्यांत जुळतें. पुढें गणेश दैवज्ञानें ग्रहलाघवांत (शके १४४२) कोणत्याही गांवचें दिनमान काढण्याची जी युक्ति दिली आहे, ती घरांतील मुलांकडून करवून घेण्यासारखी आहे. बारा अंगुळांचा शंकु उभा करावा. दिवस-रात्र समान असतील त्या दिवशींची त्याची मध्याह्नींची सावली म्हणजे पलभा. भंडाऱ्यास ती ४ अंगुळें ३९ व्यंगुळें भरते. तिला अनुक्रमें दहांनीं, आठांनीं आणि दहांच्या तृतीयांशानें गुणून तिन्ही फळांची बेरीज करावी. ९९ पळें येतात. हें झालें चर. त्याची दुप्पट तीस घटकांत मिळविली कीं सर्वांत मोठा दिवस ३३ घटका १८ पळांचा, म्हणजे १३ तास १९ मिनिटांचा निघतो. सूर्यबिंबाचा मध्य खऱ्या क्षितिजावर धरून आजचें सूक्ष्म गणित केलें तर १३ तास १७ मिनिटें येतात. पांचशें वर्षांपूर्वींच्या, नुसत्या पाढ्यांवर चालणाऱ्या रीतीची चूक अवघ्या दोन मिनिटांची! वर सांगितलेल्या १३ तास २५ मिनिटांतील उरलेलीं आठ मिनिटें वातावरणामुळें किरण वांकतात म्हणून, आणि बिंबाची वरची कड दिसतांच आपण सूर्योदय मानतों म्हणून, पदरांत पडतात.

स्थळभेदाचा एक नित्याचा व्यवहारही आहे. आपल्या इकडे पुष्कळ घरांत मुंबईच्या वेळा छापलेली दिनदर्शिका भिंतीवर असते. भारताची प्रमाण वेळ साडेब्यांशी अंश रेखांशाची. ती १९०६ सालीं सुरू झाली, तरी मुंबईकरांनीं आपला स्वतंत्र 'मुंबई टाइम' १९५५ पर्यंत सोडला नव्हता. मुंबई आणि भंडारा यांच्या रेखांशांत पावणेसात अंशांहून थोडा अधिक फरक आहे, म्हणून आपला सूर्य सरासरीनें २७ मिनिटें पुढें. परंतु अक्षांशही भिन्न असल्यामुळें हा फरक बारा महिने सारखा राहत नाहीं. संक्रांतीस मुंबईचा सूर्यास्त ६ वाजून २१ मिनिटांचा, आपला ५ वाजून ४९ मिनिटांचा; अंतर अर्ध्या तासाहून अधिक. त्या दिवशीं सूर्योदयांतील अंतर मात्र चोवीस मिनिटांचेंच. ज्या घरांत सायंसंध्या अथवा प्रदोषाची पूजा त्या छापील वेळेवरून होत असेल, तेथें ती अर्धा तास मागें पडते. भंडाऱ्याची वेळ वेगळी लिहून देवघराशेजारीं लावावी, अशी गृहिणींस सूचना आहे.

माझा एक पुतण्या लंडनास असतो. संक्रांतीस त्याचा दूरध्वनि आला तेव्हां आमच्याकडे रात्रीचे पावणेदहा वाजले होते. तिकडे सव्वाचार झाले होते आणि सूर्य मावळत होता. सकाळीं आठाच्या सुमारास तो उगवला होता. उन्हाळ्यांत मात्र तेथें साडेसोळा तासांहून मोठा दिवस असतो, तेव्हां मुलें उजेडांत निजावयास तयार होत नाहींत, अशी सूनबाईची तक्रार. आणखी उत्तरेस गेलें तर सूर्य कित्येक दिवस मावळतच नाहीं, आणि ध्रुवावर सहा महिन्यांचा एकच दिवस. लोकमान्य टिळकांनीं १९०३ सालच्या आपल्या ग्रंथांत ऋग्वेदांतील लांबलेल्या उषांच्या वर्णनांवरून आर्यांचें मूलस्थान तिकडे असावें असें अनुमान काढलें. तें अनुमान विद्वानांस मान्य झालें नाहीं. परंतु उत्तर ध्रुवाकडे उषा दिवसेंदिवस रेंगाळते, हें भूगोलाचें सत्य त्या निमित्तानें अनेक मराठी घरांत पोहोंचलें.

यंदां मी आणि नात मिळून अंगणांत बारा इंचांची एक काठी सरळ रोविली आहे. वाचकांनींही ती रोवावी. भंडाऱ्याच्या आसपास २२ डिसेंबरास मध्याह्नीं तिची सावली जवळजवळ काठीइतकीच पडते. २१ मार्चास ती सुमारें साडेचार इंचांहून किंचित् अधिक असते. २६ मेच्या सुमारास ती अजीबात नाहींशी होते. जूनच्या तिसऱ्या आठवड्यांत तर ती दक्षिणेकडे वळून अर्धा इंच उतरते, कारण सूर्य आपल्या डोक्यावरून उत्तरेस गेलेला असतो. घड्याळाचे बारा मात्र पाहूं नयेत. सावली सर्वांत आंखूड होईल तोच खरा मध्याह्न. वर्षभर दर आठवड्यास एक खूण करावी. एका काठींत क्रांति, पलभा आणि अयन हीं तिन्ही मुलांस दिसतील, आणि सांगणाराच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची त्यांस गरज राहणार नाहीं.

एकत्र कुटुंबांत वडील माणसांच्या शब्दास मान असतो. तो असावाही, मी स्वतः त्या मानावर जगतों. परंतु मान आहे म्हणूनच आपला शब्द मुलाच्या तोंडावर झांकणासारखा बसूं शकतो, हें आपण विसरतों. मूल कांहीं विपरीत बोललें तर त्यास हंसण्यापूर्वीं "तूं हें कसें पाहिलेंस?" एवढें विचारावें. या चार शब्दांस कांहीं खर्च पडत नाहीं. मी ते त्या दिवशीं विचारले असते तर तो मला आपल्या घरीं घेऊन गेला असता, मागापाशीं बसवून सूत दाखविता, आणि सगळ्या वर्गास उत्तरायण खरोखर समजलें असतें.

तो मुलगा आतां पन्नाशीकडे झुकला असेल. हें मासिक त्याच्या हातीं पडेल कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. पडलें तर त्यानें एवढें वाचावें: बाबा रे, संध्याकाळ मागच्या महिन्यापासूनच वाढत होती. तुझा माग खरा होता. तिळगूळ घे, आणि जमलें तर गुरुजींस क्षमा कर.